कृत्तिकांशेजारची वाफ

१२ नोव्हेंबर

दादा,

कॅमेऱ्याचं कार्ड पोचलं. पाकिटावर तू पत्ता इतका बारीक लिहितोस की पोस्टमनने ते आधी खालच्या झेरॉक्सवाल्याला दिलं आणि त्याने भिंगातून वाचून वर आणलं. दुर्बिणीला डोळा लावून बसणाऱ्या माणसाला वाटतं, जगात सगळ्यांकडेच दुर्बीण आहे.

आता वाफेबद्दल. गेल्या अमावास्येला तू काढलेले सगळे फोटो मी एकावर एक रचले. एकेकटा फोटो बघितला तर त्यात काही म्हणजे काही नाही. कृत्तिकांचे नेहमीचे ठिपके आणि बाकी काळं कापड. रचले की मात्र डाव्या अंगाला काहीतरी उठतं. गरम चहाचा कप काचेवर ठेवून उचलला तर मागे जे राहतं, तेवढंच. नकाशात या तेजोमेघाला नुसता नंबर आहे. आपण त्याला वाफ म्हणायला लागलो ते बरंच केलं, नंबराची आठवण कोण काढतं.

पण पुरतं नाही रे. जरा उजळवायला जावं तर वाफेबरोबर कॅमेऱ्याची कचकचही उजळते आणि सगळा पडदा वाळू सांडल्यासारखा दिसतो. जे खरं आहे ते प्रत्येक फोटोत त्याच जागी असतं, कचकच दर फोटोत जागा बदलते. म्हणून जितके फोटो जास्त, तितकी कचकच आपापसात मरते आणि खरं उरतं. हे तूच मला शिकवलंस, आणि आता मी तुलाच शिकवतेय. हे म्हातारपणाचं लक्षण. थोडक्यात, अजून हवेत. अजून, अजून. कृत्तिका उन्हाळ्याच्या तोंडाशी मावळायला लागतील, त्याच्या आत.

मी दमलेय. दिवसभर स्टुडिओत लोकांच्या पासपोर्ट फोटोंवरचे डाग पुसते आणि संध्याकाळी घरी येऊन आकाशावरचे. कान गेलेच आहेत, आता डोळेही त्याच वाटेने निघालेत. फोन करू नकोस, फोनवर मला सगळ्यांचा आवाज पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा येतो. माणूस समोर असला की तोंड बघून मला सगळं कळतं, पण फोनला तोंड कुठे असतं. कार्डाबरोबर चार ओळी टाकत जा.

वहिनींना सांग, त्यांचा उशीचा अभ्रा दुर्बिणीच्या तोंडाला बांधून दिवसा काढलेले उजेडाचे फोटो फार कामाला आले. काचेवरच्या धुळीचे डाग त्यावरून वजा करता आले. अभ्रा परत मिळणार नाही हेही सांग.

तुझी
चिंगी


२० नोव्हेंबर

चिंगे,

अभ्र्याची बातमी दिली. तिने उरलेले अभ्रे कपाटात कुलूप लावून ठेवलेत.

तू म्हणतेस अजून हवेत. हीसुद्धा रोज जिन्याच्या दारात येते, शाल लपेटून उभी राहते आणि म्हणते, ‘अजून?’ बस एवढंच. पूर्वी म्हणायची, अजून झालं नाही का, अजून किती वेळ, झोपायचं नाही का. आता सगळं त्या एका शब्दात येतं. मी तो ऐकला की शेवटचे, झाकण लावून काढायचे काळे फोटो घेतो आणि आवरतो, कारण तिसऱ्यांदा ती म्हणत नाही, दाराला कडी घालते. एका बाजूने तुझं अजून, दुसऱ्या बाजूने तिचं अजून, आणि मध्ये माझी हाडं गच्चीवर गारठतायत.

यंदा जरा जड जातंय. कॅमेरा बसवताना उजवा हात मेल्यासारखा होतो. थंडी असेल. बसून राहिलं की उठवत नाही, आणि उठलं की वाटतं, कशासाठी उठलो होतो. पण ही वाफ मला पुरी बघायची आहे. नंतर मग खुशाल दुर्बिणीवर कपडे वाळत घाला.

पुढच्या अमावास्येला आकाश राहिलं स्वच्छ, तर भरपूर पाठवतो.

दादा


८ जानेवारी

वन्सं,

अक्षर बघून दचकू नका. ह्यांचा पाय जिन्यात घसरला आणि हात मुरगळला, म्हणून मी लिहितेय. डॉक्टरांनी हात हलवू नका म्हटलंय. बाकी सगळं ठीक आहे. मधल्या काळात तुमची दोन पत्रं आली ती पोचली, उत्तर द्यायचं राहून गेलं. घरात पसारा होता.

सोबत कार्ड आहे. ह्यांनी सांगितलं तसं मी केलं. दुर्बीण खांबावर कायमची बसवलेलीच आहे, रिमोटमध्ये वाफेची जागा ह्यांनी साठवून ठेवलेली आहे, बटण दाबलं की ती आपली आपण वळते. मग कॅमेरा लावायचा, एका ताऱ्यावर नजर ठेवून तो बारीक करत आणायचा, आणि सोडून द्यायचं. बारीक करणं मला जमलं. सुईत दोरा ओवण्यात जन्म गेलाय.

त्या दुर्बिणीला खोळ मी शिवली तेव्हाच घरात सवत आलीय हे मान्य केलं होतं. तिची वेणीफणी करायची पाळी येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

एक सहज विचारते. तारे गोल न येता स्वल्पविरामासारखे आले तर ते कशाने? मशीनवर टाका असा ओढला गेला तर मी दोऱ्याचा ताण बघते. इथे ताण कशाचा असतो? ह्यांना विचारलं तर चिडचिड होते, दुखण्यात माणूस चिडतोच. म्हणून काही कमीजास्त दिसलं तर मला लिहा.

आणि वाफ पुरी व्हायला अजून किती हवेत, तेही लिहा. ते ह्यांना हवंय.

तुमची
वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

तुम्ही आणि दुर्बीण. मी पत्र दोनदा वाचलं आणि मग पाणी प्यायले. इतकी वर्षं आम्ही भावंडं तुमच्यासमोर तेजोमेघाचं नाव काढायला घाबरत होतो, कारण तुम्ही लगेच विचारायचात की त्याने धुणं वाळतं का.

स्वल्पविरामांचं सांगते. कॅमेऱ्याची वायर लोंबकळत असेल तर दुर्बीण वळता वळता ती वायर तिला मागे ओढते. वायर खांबाला सैल बांधा, कपड्याच्या पट्टीने बांधली तरी चालेल. म्हणजे ताण तुमच्याच ओळखीचा निघाला. फोटो वाईट नाहीत. पहिल्या खेपेला दादाने काढलेल्यांपेक्षा बरे आहेत, हे त्याला सांगू नका. तरी अजून बरेच हवेत, अर्धं कामही झालेलं नाही.

आता दुसरी गोष्ट. झाकणाचे फोटो.

तुम्हाला दादाने सांगितलं असेलच की शेवटी कॅमेऱ्याला झाकण लावून तेवढ्याच वेळाचे काळे फोटो काढायचे. त्यात फक्त कॅमेऱ्याची स्वतःची कचकच येते, ती आपण खऱ्या फोटोंतून वजा करतो. ते त्याच थंडीत काढावे लागतात. मी एकदा त्याला म्हटलं होतं, घरात बसून काढ की, तर म्हणाला, गारठलेल्या कॅमेऱ्याची कचकच वेगळी, तापलेल्याची वेगळी, शेजाऱ्याच्या मापाने आपला सदरा बेतता येत नाही. सर्दीने नाक गळत असतानासुद्धा तो गच्चीवर बसून ते फोटो काढायचा.

प्रत्येक फोटोच्या पोटात कॅमेऱ्याचं तापमान लिहिलेलं असतं. तुम्ही पाठवलेले आकाशाचे फोटो गार आहेत. झाकणाचे उबदार आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. बंद खोलीत हीटर लावून बसल्यासारखे. दादा हीटरला शिव्या घालतो. तुम्हाला स्वेटर पुरतो. मग तुमच्या घरात हीटर कोणासाठी लागतोय?

आणि हात मुरगळलेला माणूस डाव्या हाताने निदान ‘चिंगे’ एवढं तरी खरडतो. वहिनी, तिथे नक्की काय झालंय?

चिंगी


२५ जानेवारी

वन्सं,

खोटं लिहायची सवय नाही, म्हणून लगेच पकडले गेले.

हात मुरगळलेला नाही. डिसेंबर लागला त्याच आठवड्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. गच्चीवर नाही, जिन्यातही नाही. बेसिनपाशी दाढी करताना. उजवं अंग गेलं, तोंडाची उजवी बाजू उतरली आणि बोलणं गेलं. हॉस्पिटलात होते, आता घरी आहेत. समजतं सगळं असं डॉक्टर म्हणतात. मलाही तसंच वाटतं. पण तोंडातून एकच शब्द येतो. अजून.

पाणी दिलं की अजून. कूस बदलली की अजून. डॉक्टर आले, गेले, अजून. आवाज सपाट, चढ नाही, उतार नाही. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात कधी कधी एखादाच शब्द अडकून राहतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. त्यांना काय जातंय म्हणायला. एवढ्या बडबड्या माणसाला देवाने एकच शब्द ठेवला आणि मी त्याचा अर्थ लावू नको?

तुमचं नोव्हेंबरचं पत्र ह्यांच्या उशाशीच होतं. अजून हवेत, अजून, अजून. मग मला कळलं. म्हटलं, ठीक आहे. वाफ पुरी बघायची आहे असं हे सारखं म्हणायचे. ह्यांच्याच्याने होणार नाही तर मी करते. रात्री कूस बदलायला मी उठतेच, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. उठल्यासरशी वर जाऊन येते. वरून आले की हे जागेच असतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, अजून. मी म्हणते, हो हो, काढते अजून. पुन्हा जिना चढते.

झाकणाचे फोटो मी ह्यांच्या खोलीत काढले. गच्चीवर तेवढा वेळ थांबता येत नाही, खाली हे एकटे असतात. कॅमेरा खाली आणायचा, झाकण लावायचं आणि स्टुलावर ठेवून द्यायचा. तो आपला थांबून थांबून खट् करत राहतो. त्या आवाजाने ह्यांना झोप लागते. मला कुठे माहीत की कॅमेऱ्याला ऊब बाधते.

तुम्हाला का कळवलं नाही, ते सांगते. तुम्ही आला असतात. आलात की म्हणाला असतात, दादाला मी घेऊन जाते, आमच्याकडे लिफ्ट आहे, मोठं हॉस्पिटल आहे. सगळं खरं आहे आणि म्हणूनच मला ते ऐकायचं नव्हतं. नाही म्हणायची ताकद माझ्यात नाही आणि हो म्हणायची त्याहून नाही. शिलाईची कामं परत पाठवली. आरशात बघितलं तर तिथे कोणीतरी म्हातारी उभी असते. पण ह्यांचं जे एकच मागणं उरलंय ते पुरं करायचं, एवढं मी ठरवलंय. उन्हाळ्याआधी वाफ पुरी झाली नाही तर पुढच्या थंडीपर्यंत हे थांबतील असं मला वाटत नाही.

वायर बांधली. जुन्या परकराच्या नाडीने. कार्ड सोबत आहे. आता सांगा किती राहिले.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

तुमच्याकडून निघून घरी पोचले. गाडीत बसल्याबसल्या झोपले ती माझं स्टेशन आल्यावर कोणीतरी हलवून उठवलं.

तिथे आपलं वाजलं, त्याबद्दल आधी लिहिते. मी आले तेव्हा घेऊन जायचंच असं ठरवून आले होते, तुम्ही ओळखलं होतं तसंच. लिफ्टचंही बोलले, तुम्ही भांडी आपटलीत तेही मला कळलं, ऐकू येत नसलं तरी ओटा हादरतो. मग मी तुम्हाला ह्या कुशीवरून त्या कुशीवर दादाला वळवताना बघितलं. मला ते जमलं नसतं आणि दुसऱ्या कोणाला त्याने करू दिलं नसतं. तेव्हा लिफ्टचा विषय संपला. माझ्याकडून पुन्हा निघणार नाही.

पण एक गोष्ट तिथे माझ्या लक्षात आली नाही आणि इथे आल्यावर आली. काल स्टुडिओत एका लहान मुलीचा फोटो नीट करत होते. ती कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी विचारत असावी, भुवया वर गेलेल्या. आई म्हणाली, भुवया खाली करून द्या, पासपोर्टला चालत नाही. मी खाली केल्या आणि तिच्या चेहऱ्यावरचा प्रश्नच गेला. माझा हात तिथेच थांबला.

वहिनी, तुम्ही दादाचा शब्द ऐकता. मला ऐकू येत नाही, मी तोंड बघते. त्याचे ओठ अर्धे उतरलेत, म्हणून तिथे असताना मी ओठांकडेच लक्ष देऊन बसले आणि फसले. पण भुवया शाबूत आहेत. आठवून बघितलं, आणि मग खात्रीसाठी पुन्हा आठवलं. तुम्ही पाणी दिलंत तेव्हा तो अजून म्हणाला, भुवया जागच्या जागी. डॉक्टर आले तेव्हा जागच्या जागी. तो नुसता अडकलेला शब्द, डॉक्टर म्हणतात तसा. पण तुम्ही गच्चीवरून खाली आलात, शाल लपेटून दारात उभ्या राहिलात, तेव्हा तो म्हणाला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. प्रत्येक वेळी वर गेल्या.

तो विचारत होता, ‘अजून?’

तो शब्द माझ्या पत्रातला नाही, तुमच्या दारातला आहे. इतकी वर्षं तुम्ही जिन्याच्या दारातून त्याला विचारायचात ना, माझे कान धड होते तेव्हा मीही ऐकलंय. अजून झालं नाही का, अजून किती वेळ, झोपायचं नाही का. आता तुम्ही वर असता आणि तो खाली, म्हणून तो विचारतोय. तुम्ही म्हणता, हो हो काढते अजून, आणि पुन्हा जिना चढता. तो बिचारा पुन्हा विचारतो, तुम्ही पुन्हा चढता. कडी घालायला त्याला उठता येत नाही.

मी चूक असेन तर असू दे. तुम्ही एकदा बघा.

वाफेचं म्हणाल तर नियमाने अजून अर्ध्याच्या जवळपास हवेत. पण मी आता अजून म्हणणार नाही. जे आहे त्यातून केलं. स्वल्पविरामवाले फोटो मी आधी बाजूला काढले होते, आपला प्रोग्रामही ते टाकूनच देतो. मग म्हटलं, तारा लांबला तर दिसतो, वाफ जराशी लांबली तर कोणाला कळतंय, ती मुळात वाफच. तेव्हा तारे घेतले दादाच्या नोव्हेंबरच्या फोटोंतले आणि बाकी सगळं तुमच्या. झाकणाचे उबदार फोटो वापरता आले नाहीत, त्यामुळे थोडी कचकच राहिलीय. मी ती पुसली नाही. पुसत गेले असते तर वाफही थोडी पुसली गेली असती.

स्टुडिओतल्या चांगल्या कागदावर मोठा फोटो काढून सोबत पाठवतेय. कृत्तिकांच्या डाव्या अंगाला बघा. तारे दादाचे आहेत, वाफ तुमची.

चिंगी


४ मार्च

वन्सं,

तुमचं पाकीट गुरुवारी आलं. पत्र वाचलं आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. कुकर लावला होता तो करपला.

पहिल्यांदा तुमचा राग आला, तोही लिहिते. दोन महिने मी पायांचे तुकडे केले ते कशासाठी, असं झालं. मग वाटलं, तुम्हाला इथे चार दिवसांत दिसलं आणि मी शेजारी झोपून मला दिसू नये. मी ह्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हते. पाठ बघायचे, टाचा बघायचे, लघवीचा रंग बघायचे. तोंड बघायला सवड कोणाला होती.

त्या रात्री मी मुद्दाम वर गेले. खोळ काढली नाही, नुसती उभी राहून खाली आले. शाल होतीच अंगावर. दारात थांबले आणि ह्यांच्याकडे नीट बघितलं.

अजून, म्हणाले. भुवया वर.

तुम्ही म्हणता तसंच. अगदी माझ्यासारखं. मी वर्षानुवर्षं कशी म्हणत असेन ते मला माझ्याच नवऱ्याच्या तोंडावर दिसलं, आणि मला रडूच यायला लागलं, पण आधी हसू आलं. कधी नव्हे ते माझ्यावर बाजी उलटली. मी म्हटलं, ‘नाही. झालं. आवरलं.’

वन्सं, ह्यांनी डोळे मिटले. लगेच. इतके दिवस मी समजत होते की मी वर गेले की हे जागे राहतात ते फोटोच्या ओढीने.

तुमचा फोटो मी सकाळी उजेडात दाखवला. उशीला टेकवून बसवलं आणि पुढ्यात धरला. मला आधी काही दिसेना, ठिपकेच दिसले. ह्यांचं डावं बोट हळूहळू वर आलं आणि कृत्तिकांच्या डावीकडे नेमकं जाऊन टेकलं. मग मलाही दिसली. धूर म्हणावा तर धूर नाही, ढग म्हणावा तर ढग नाही. तुम्ही काचेवरची वाफ म्हणता ते बरोबर आहे, बोट लावलं तर पुसली जाईल असं वाटतं. एवढ्यासाठी इतकी वर्षं गच्चीवर. मी ह्यांना तसं म्हटलंसुद्धा. ह्यांनी बोट काढलं नाही. हात खाली घसरायला लागला तेव्हा मी खालून आधार दिला आणि आम्ही तसेच बसलो. कागदावर बोटाचा डाग पडलाय, तुम्ही डाग पुसणाऱ्या, पण हा पुसायला पाठवणार नाही.

फोटो पलंगासमोर लावलाय. दुर्बिणीला खोळ घातली, नाडी घट्ट बांधली. कपडे वाळत घातलेले नाहीत, काळजी करू नका. शेजारच्या नर्सबाई दुपारी थोडा वेळ येऊन बसतील, तेवढ्यात माझी शिलाई होईल. पुढच्या थंडीचं मी काही बोलत नाही. डॉक्टरही बोलत नाहीत.

परवा रात्री कूस बदलायला उठायचं राहिलं. म्हणजे जाग आली नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. उठले तेव्हा लख्ख उजाडलं होतं, मी दचकून ह्यांच्याकडे धावले. पाठ बघितली, काही झालं नव्हतं. हे जागे होते. माझ्याकडे बघत होते, माझ्या विस्कटलेल्या केसांकडे, आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने हसत होते.

अजून, म्हणाले.

भुवया वर नव्हत्या. मी म्हटलं, हो हो, झोपते अजून, आणि पुन्हा आडवी झाले.

तुमची
वहिनी